सरोजबाईंचं पेन

सरोजबाई गेल्याचं मला काष्टीच्या बाजारात कळलं. हातातली पिशवी खाली ठेवून मी तशीच उभी राहिले... बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी इथल्या शाळेत शिकवत होतो आणि घरमालकीण सोजराबाईंच्या घरी एका खोलीत भाड्यानं राहत होतो. सरोजबाई माझ्याहून मोठ्या आणि स्वभावानं भारी संशयी. दाराला कुलूप लावलं तरी चार पावलं जाऊन परत यायच्या, ओढून बघायच्या.

शनिवारी शाळा लवकर सुटली की त्या आपलं शाईचं पेन धुवायला बसत. टँकरच्या पाण्यातलं वाटीभर पाणी त्यासाठी राखलेलं असे. निब आणि तिच्याखालची जिभली काढून भिजत घालायची, वाळलेली शाई सुटली की मलमलीच्या तुकड्यानं टिपून सावलीत वाळवायची. एका शनिवारी निबाचं टोक फाकलेलं दिसलं.

"कुमुद, खरं सांग."

मी हात लावला नव्हता. तसं सांगितलं, पण त्यांना पटलं नाही. त्या माझ्या बोटांवर शाई शोधायच्या, मीही मग बोलणं टाकलं. शेवटी त्यांनी एक दिवस पेन मुद्दाम कोनाड्यात उघडं ठेवलं आणि मधल्या सुट्टीत मला घेऊनच घरी आल्या.

आत, घरातल्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढून, सोजराबाईंची सून हिरा बसली होती. त्याच पेनानं रद्दी कागदावर स्वतःचं नाव काढत होती... आम्ही काही बोलायच्या आत मागून सासू आली.

"कुनाला लिवतीस गं? नवरा तिकडं पुन्याला, आन् तू हितं कागद काळं करतीस? आजच म्हायेरी धाडते तुला!"

सरोजबाई मध्ये उभ्या राहिल्या. "मीच सांगितलंय तिला पेन धुवायला."

"आन् ह्यो कागद?"

"धुतल्यावर चालतंय का, ते लिहूनच कळतं."

सोजराबाईंना ते पटलं नव्हतं, पण मास्तरीणबाईंपुढं त्यांनी माहेरी धाडायचं सोडून दिलं. पुढच्या शनिवारपासून सरोजबाईंनी हिराला खरंच वाटीपुढं बसवलं. पेन धुऊन झालं की पाटी घ्यायची. सासू दारात बसून नजर ठेवायची. माझ्याशी सरोजबाई एवढंच बोलल्या, "तुझ्यावर उगाच घेतलं मी." आणि त्या दिवशी चहा त्यांनी केला.

गाव सोडताना पेन त्या हिराला देऊन गेल्या. परवा तिच्याकडे गेले तेव्हा सही करून बघावी म्हणून मी त्या पेनाचं टोपण फिरवायला लागले. हिरानं पेन हळूच माझ्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या बाई. तुमी लई दाबून लिवता."