सखूबाईच्या बेडवरचा चार्ट

भूतबित मानणारी बाई मी नव्हे, हे आधीच सांगते. हॉस्टेलात काहीतरी दिसलं म्हणत रडत येणाऱ्या मुलींचं मी बीपी तपासायची आणि ‘एकशे दहा-सत्तर आहे, जा, अॅनाटॉमी वाच’ म्हणून हाकलायची. आता नातवंडं विचारतात, ‘आजी, तू लय खडूस होतीस का?’ होते. पुराव्यानिशी सांगते.

परभणीतलं एक नर्सिंग स्कूल (नाव नको). मी व्हाइस प्रिन्सिपल, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. सहा ट्यूटरचं काम तिघींवर... त्यातली वर्षा रोज झरीहून बसनं यायची. सकाळी मुलींसोबत वॉर्डात, दुपारी लेक्चर, मग जर्नलांचे गठ्ठे, त्यात तोंडावर इन्स्पेक्शन. ती दमले म्हणाली की माझं ठरलेलं उत्तर — ‘आमच्या काळी तर...’ काय होतं आमच्या काळी? तेव्हाही बाया बाथरूमचा नळ सोडून रडायच्या, एवढंच.

आमच्या डेमो रूममध्ये बेडवर प्लास्टिकची एक डमी होती. मुली तिच्यावर सलाइन, ड्रेसिंग शिकायच्या, तिला सखूबाई म्हणायच्या. पायथ्याशी चार्ट टांगलेला. त्यात टेम्परेचर, पल्स खोटं-खोटं भरायच्या. इन्स्पेक्शनसाठी मी खोली आवरली, कोरा चार्ट लावला, कुलूप घातलं. किल्ली एकच, माझ्या पर्समध्ये.

सोमवारी दुपारी उघडलं तर चार्टवर निळ्या शाईत, सुबक अक्षरात —

‘१.१० — पेशंटनं डबा उघडला, न खाता बंद केला. चार दिवस झोप नाही. इन्चार्जला कळवलं.’

इन्चार्ज म्हणजे मी! भडकलेच. चाळीस मुलींना ओळीत बसवून तीच वाक्यं लिहून घेतली आणि चष्मा लावून अक्षर जुळवत बसले. काय ती डिटेक्टिव्हगिरी! एकीचंही जुळेना. चार्ट बदलला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

मंगळवारी — ‘पेशंट स्टँडवर बसून राहते. दोन-दोन गाड्या सोडते. इन्चार्ज ओरडते म्हणून सांगत नाही.’

बसनं जाणारी आमच्यात वर्षा एकटीच. म्हटलं, हिचंच नाटक! स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत चार्ट तिच्यापुढं आपटला. वाचता वाचता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

‘मॅडम... हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.’

‘नाटकं बंद कर,’ मी म्हणाले. खडूसपणाचा हा घ्या पुरावा.

बुधवारी दुपारी चार वाजता उघडलं. एवढंच — ‘पेशंट म्हणते, उद्यापासून कुणाला त्रास नाही. इन्चार्जला कळवलं.’

तीस वर्षं मुलींना शिकवलं होतं — इन्चार्जला कळवलं की पुढची जबाबदारी इन्चार्जची. तशीच स्टाफरूमकडे धावले. वर्षा तीनलाच निघून गेली होती.

आमचे शिपाई शेखमामा स्कूटरला किक मारत विचारायले, ‘मॅडम, हुआ क्या?’

‘स्टँडवर घ्या हो आधी!’

वर्षा बाकावर बसलेली होती. मांडीवर पर्स, नजर कुठंच नाही.

‘गाडी गेली का गं?’

‘दोन गेल्या.’

‘मग?’

‘पाय उचलायलेच नाहीत, मॅडम.’

शेजारी बसले. मायेनं कुणाचा हात धरायची मला सवय नाही, म्हणून नाडी मोजायच्या निमित्तानं धरला. मग सरळ विचारलं, ‘जीव द्यायचं मनात आहे का?’

तिनं मान हलवली... हो म्हणून. माझी मोजणी कुठं चुकली, मलाच कळलं नाही. ‘चुकले गं मी,’ एवढंच बोलता आलं.

तिच्या नवऱ्याला बोलावलं, त्याच संध्याकाळी मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. औषधं, दोन महिने रजा. तिची लेक्चर्स, जर्नलं मी अंगावर घेतली. तिसऱ्या आठवड्यात बाथरूमचा नळ मीच सोडला.

सखूबाईचा चार्ट नंतर कोराच राहिला. किल्ली, कुलूप, अक्षर — सगळं धुंडाळून झालं. आजही उत्तर नाही.

वर्षा अजून तिथंच शिकवते. मागे घरी आली तेव्हा विचारलंच, ‘आता तरी खरं सांग... तूच लिहिलं होतंस ना?’

चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, ‘मॅडम, मी लिहिलं असतं तर “इन्चार्ज ओरडते” एवढ्यावर भागलं असतं होय? सखूबाईला अजून चार चार्ट लागले असते!’