बिनविजेची थंडी

मेश्रामभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रस्त्यावर आडवे होते. आम्ही नवराबायको इथे आखातात, बुसैतीनला भाड्याचं घर बघायला गेलो होतो. घर काही आवडलं नाही, पण खाली गल्लीत हा साठीकडे झुकलेला माणूस मिळाला. पायात चाकांचे बूट, कमरेला उंचावर काम करताना बांधतात तो सेफ्टी बेल्ट, बेल्टला दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला दोन हाडकुळे सलुकी, म्हणजे अरबांचे शिकारी कुत्रे.

"पडलात का हो?" नवऱ्याने विचारलं.

"नाई, ब्रेक मारला," आडव्यानेच उत्तर आलं. "कुत्र्यायले ब्रेक नसते ना बावा, आपल्यालेच माराव लागते."

कुत्रे भाऊंच्या घरमालकाचे, अबू यूसुफचे. तो दारात खुर्ची टाकून चहा पीत होता. "मजनून," तो भाऊंकडे बोट दाखवून म्हणाला. वेडा म्हणतानाही त्याच्या आवाजात असा अभिमान की जणू भाऊही त्याच्याच मालकीचे.

रविवारी मी नव्या नोकरीवर एचआरच्या खुर्चीत बसले आणि समोर हाच माणूस! आमच्या कंपनीचा चिलर मेकॅनिक, इमारतींच्या गच्चीवरचे मोठे एसी दुरुस्त करणारा. "जय भीम, ताई. ओळखलं का? उभा असलो की मी जरा वेगळा दिसतो." मग मोबाइल काढून त्यांनी मला ते खूळ दाखवलं. बर्फाचा डोंगर, पायाला लांब पट्ट्या बांधलेला माणूस, त्याच्या कमरेची दोरी कुत्र्यांना. कुत्री पळतात, माणूस मागून घसरत जातो. स्कीजोरिंग म्हणतात म्हणे. "जिंदगीभर लोकायले थंडी बनवून देली, ताई. गच्चीवर स्वतः भाजून. आता एकडाव बिनविजेची थंडी पाहाची हाय मले."

ईदच्या सुट्टीत आम्ही मराठी मंडळी जॉर्जियाला जायचं ठरवत होतो, त्यात भाऊ घुसले. तयारी तर विचारू नका! एका सुपरमार्केटच्या कोल्ड रूमचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे नवं जाकीट घालून, गोठलेल्या कोंबड्यांच्या मधोमध स्टूल टाकून बसायचे. मॅनेजर दार किलकिलं करून विचारायचा, "भाईसाब, कितना टाइम लगेगा?" भाऊ आतून सांगायचे, "टेस्टिंग चालू है." ते खोटंही नव्हतं.

घोळ वेगळाच होता. आमच्या कंपनीत साठीनंतर व्हिसा वाढवायचा तर मेडिकल पास व्हावं लागतं, वर साहेबांची मर्जी. भाऊंना आणखी दोन वर्षं हवी होती. धाकट्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण तेवढ्यात पुरं झालं असतं. आणि मेडिकल होतं ईदनंतर लगेच. सगळ्यांनी समजावलं, हाड मोडलं की खलास. सगळ्यात मोठा आवाज माझा, कारण फाइल माझ्याच टेबलावर येणार होती. "प्लास्टर घालून जाणार आहात का डॉक्टरसमोर? दोन वर्षं काढा, मग हवं तिथे घसरा!"

"तुमचं बरोबर हाय, ताई," ते म्हणाले. ते असं म्हणाले की समजायचं, हा बाबा ऐकत नाही.

जॉर्जियात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ते बर्फात उभे होते, पुढे दोन दांडगी कुत्री. गाइड इंग्रजीतून हुकूम शिकवत होता. भाऊंनी त्याचं शिकवणं संपायची वाट न बघता "यल्ला!" म्हणजे अरबीत 'चला', अशी आरोळी ठोकली आणि कुत्री सुटली. डोंगरातल्या त्या वाटेवर झाडांमागे भाऊ दिसेनासे झाले. मला तर त्यांच्या धाकटीचं कॉलेजच डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

मग झाडांतून आवाज आला, "सरका ना बे! सरका!" आणि कुत्री आमच्या घोळक्यातून आरपार गेली. माझा नवरा आडवा, मी आडवी, गाइड आडवा. उभे फक्त मेश्रामभाऊ. मिशीत बर्फ, डोळ्यांत पाणी, आणि असे हसत होते की त्या क्षणी मला त्यांचा भयंकर हेवा वाटला.

मेडिकलमध्ये काही म्हणता काही निघालं नाही. माझ्यापेक्षा त्यांचं ब्लड प्रेशर चांगलं. मी आनंदाने फाइल साहेबांकडे पाठवली आणि साहेबांनी ती तशीच परत केली. त्यांना म्हणे तरुण माणूस हवा होता. इतका संताप आला मला! आणि हे भाऊंना सांगायचं कुणी, तर मी.

त्यांनी ऐकून घेतलं. समोरचं पाणी सगळं प्यायले.

"धाकटीचं काय करणार?" मी विचारलं.

"होऊन जाईन. नागपूरलेबी एसी बिघडतेच ना, ताई. उन्हाळ्यात तर लयच." उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "बरं झालं, तुमचं ऐकलं नाई. ऐकलं असतं, तर नोकरीबी गेली असती अन् बर्फबी."