किनाऱ्यालगतचा पांढरा पट्टा

उपग्रहाला वारा दिसत नाही, हे मी लोकांना फार ऐटीत सांगायचे. त्याला दिसतं ते वाऱ्यानं खडबडीत झालेलं पाणी. वरून रडारच्या लहरी तिरक्या सोडायच्या. पाणी गुळगुळीत असेल तर त्या पलीकडे निसटून जातात, बारीक तरंग उठले असतील तर थोड्या परत येतात. किती परत आल्या, त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. आमच्या ऑफिसात हा वारा नकाशावर बाणांनी उमटायचा, आणि भर समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या बोयांवरच्या यंत्रांशी तो ताडून बघणं हे माझं काम. मी साताऱ्याकडची. कॉलेज संपेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पण दोन हजार सालच्या सुमारास चंदनसारला फ्लॅट घेतला, तोवर माझी अशी तऱ्हा झाली होती की मी समुद्रावर बोलायला लागले की नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा.

नवरा ऐकत नसेना का, मावशी ऐकायच्या. मावशी म्हणजे अर्नाळ्याहून पाटी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये येणारी कोळीण. भवानी माझ्याच हातची हवी, असा त्यांचा हट्ट. पहिलं गिऱ्हाईक मी झाले की पाटी लवकर रिकामी होते म्हणे. दारात बसून बोंबील साफ करून द्यायच्या आणि विचारायच्या, "काय बाय, वारा काय म्हनतो?"

आणि मी सांगायचे. काल संध्याकाळी ऑफिसात जे बघितलं असेल ते. आज बरा आहे, आज जोर आहे, उद्यापर्यंत उतरेल. मावशी मान डोलवायच्या. त्यांचा एकुलता मुलगा लहान होडी घेऊन किनाऱ्याच्या आसपास जाळी टाकायचा. मावशींचा नवरा दर्यानं नेलेला. एकदा त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. डाव्या हातातला चुडा तेवढा बाईचा. "माजे दोनी हात मोकले झाले. सुनेचा एक तरी भरलेला ऱ्हाऊ दे," असं म्हणून त्या हसल्या होत्या.

आता एक गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नव्हती. म्हणजे लपवली नव्हती, सांगायचं सुचलंच नव्हतं. किनाऱ्याजवळ जमिनीवरून परत येणाऱ्या लहरी पाण्यावरच्या लहरींत मिसळतात, त्यामुळे तिथला वारा काढता येत नाही. आमच्या नकाशात किनाऱ्यालगत एक पांढरा पट्टा असायचा, बाण नसलेला. त्याची सवय इतकी की तो डोळ्यांना जाणवायचाही नाही. अर्नाळा, वसईचा किल्ला, मावशींच्या मुलाची होडी, सगळं त्या पट्ट्यात. मी सांगायचे तो वारा त्याच्या कितीतरी पुढचा.

दिवाळी होऊन गेली होती. रविवार होता. आदल्या रात्रीपासून अवेळी वादळ सुटलं होतं. सकाळी दार वाजलं. मावशी उभ्या होत्या, पाटी नव्हती. मुलगा काल दुपारी गेला तो आला नव्हता.

"बाय, तुजा वारा बघ ना. उतरला का नाय?"

मी लगेच ऑफिसात फोन लावला. ड्युटीवरचा सहकारी म्हणाला की बाहेरच्या समुद्रावर नुसता पाऊस आहे. पावसात आमचे बाण बिघडतात, ते धरायचे नसतात. आणि किनाऱ्यालगत काय, काहीच नाही. मी फोन ठेवला आणि जे खरं होतं ते सांगितलं.

"मावशी, आज काही दिसत नाहीये."

मावशी म्हणाल्या, "रोज दिसतं. आजच नाय दिसत?"

मी पट्ट्याचं सांगायला लागले, जमिनीचं, पावसाचं. भराभरा, ऑफिसात सांगतात तसं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "नको सांगू, बाय. कललं मना. शिकलेली मानसं तोंडावर नाय सांगत." आणि जिना उतरून गेल्या.

मला वाटलं, घाबरल्यात, होईल ठीक. मी मागे गेले नाही. खरं तर मला थोडा रागच आला होता. एवढं समजावून सांगतेय तर ऐकून तरी घ्यावं माणसानं.

आठवडाभर त्या आल्या नाहीत, तेव्हा मात्र मी निघाले. रिक्षा करून अर्नाळ्याला गेले, विचारत विचारत घर काढलं. ओसरीवर त्यांचा मुलगा जाळं विणत बसला होता. माझा जीव असा भांड्यात पडला की मी वेड्यासारखी हसलेच. वादळाची चाहूल लागताच त्यानं होडी वैतरणेच्या खाडीत घातली होती आणि त्याच रविवारी दुपारी तो घरी पोचला होता.

मग सून पाणी घेऊन आली. पेला तिनं डाव्या हातानं धरला होता, कारण उजव्या कडेवर पोर होतं. डावा हात मोकळा होता. मनगटावर ओरखडे होते, खपली धरलेले.

मावशींनीच सांगितलं, खाली बघत. "मी फोडल्या. घरी आले नि माज्या हातानं फोडल्या. तू म्हनलीस दिसत नाय, मना वाटलं मानूसच दिसत नाय." दुपारी नवरा दारात उभा राहिला, तेव्हा सून कोपऱ्यात मोकळ्या हातांनी बसली होती.

"आता भरायच्या की," मी म्हणाले.

"भरीन," सून म्हणाली. "जखम सुकली की." मग तिनं विचारलं, रागानं नाही, आपलं सहज, "तुमी रोज सांगायच्या, तो वारा कुठचा होता?"

"लांबचा," मी म्हणाले. "खूप आतला."

"तिथं हे जातच नाय."

"हो."

"मग आमाला कशाला सांगायच्या?"

मावशींनी तिला गप्प केलं. मी खोटं एकदाही बोलले नव्हते, हे मला आजही कुणालाही पटवून देता येईल. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं. मला सांगायला बरं वाटायचं, म्हणून. ते तिच्या त्या मनगटाकडे बघून बोलता येण्यासारखं नव्हतं.

निघताना मावशींनी सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या हातात कोंबली. बाय एवढ्या लांब पोराची चौकशी करायला आली, असं शेजारणीला मोठ्यानं सांगत होत्या. मी नको म्हणाले. त्या ऐकेनात. सून दारात उभी होती, आणि मी ती पिशवी घेतली.