कात्रीमावशींची नजर

कात्रीमावशींच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला नाड्याला बांधलेली एक कात्री असायची. आमच्या कारखान्यात गॅस सिलिंडरला लागणारे रबरी वायसर तयार होत आणि मावशी ते तपासायच्या टेबलावर बसत. टेबलावरच्या बाकीच्या तिघी खराब वायसर नुसता लाल टोपलीत टाकत. मावशी आधी त्याला एक काप देत, मग टाकत. मी नवीन होते, न राहवून कारण विचारलं. "टोपलीतला माल लई हुशार असतो, मॅडम. महिनाअखेरीला गाडी भरायची घाई झाली का आपल्या पायांनी चालत चांगल्यात जाऊन बसतो. कापलेला नाय जात." आधीच्या कारखान्यात त्यांनी सुपरवायझरला अख्खी टोपली चांगल्या मालात पालथी करताना पाहिलं होतं. तेव्हापासून ही कात्री.

कारखाना वसई-भिवंडी रस्त्यावर, गोदामांच्या मागे. मावशी तिथल्याच कामण गावच्या, भातशेतीच्या घरातल्या, डबा घेऊन चालत येत. मी सांगलीहून इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन आलेली, वसईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी आणि मोजमापाची भलती हौस असलेली. पहिल्याच आठवड्यात मी एक वायसर नीट मोजून "ओके" म्हणून त्यांच्यापुढे ठेवला. मावशींनी तो दोन बोटांत जरासा ताणला, खिडकीकडे तिरका धरला आणि माझ्या नाकासमोर आणला. "मापात हाय, पन फाटका हाय." केसाएवढी भेग होती. समोरून उजेड पडला की भेग झाकते, बाजूनं पडला की तिची सावली दिसते, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

घाई हा शब्द त्यांना चालत नसे. गाडी दारात उभी, सुपरवायझर डोक्याशी, तरी मावशींचा हात आपल्याच गतीनं चालायचा. तो फारच कटकट करायला लागला की म्हणायच्या, "हा वायसर कोनाच्या घरात जानार ते मला म्हाईत नाय. म्हनून मी माज्याच घरात जानार असं धरते." मग तो गाडीवाल्याला चहाला घेऊन जायचा.

मग कॅमेरा यायचं ठरलं. शेठनी तो एका प्रदर्शनात पाहिला होता. पट्ट्यावरून वायसर सरकत जाणार, कॅमेरा फोटो काढणार, खराब असला की हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवणार. काम माझ्यावर सोपवलं. कॅमेरा नीट चालला तर तपासणीचं टेबल बंद होणार, हे टेबलावरच्या चौघींना माझ्याआधी कळलं होतं. तिघी तरुण होत्या, त्या पॅकिंगला गेल्या असत्या. पॅकिंगचं काम दिवसभर उभ्यानं, आणि मावशींचे गुडघे त्यासाठी राहिले नव्हते. त्यांच्यासाठी टेबल बंद म्हणजे काम सुटून घरी बसणं.

कॅमेऱ्याला आधी शिकवावं लागतं. चांगल्या वायसरचे ढीगभर फोटो दाखवायचे, खराबचेही दाखवायचे, मग तो फरक ओळखू लागतो. चांगले पोत्यांनी होते. खराब मात्र सगळे कापलेले, कारण बाकीच्या तिघींच्या टोपल्यांतूनही मावशी रोज कात्री फिरवत. मी म्हटलं, काप आहे तर असू दे, आत भेगही आहेच की. ही अक्कल माझी. दोन दिवस खपून मी त्या कापलेल्या वायसरचे फोटो दाखवले. चाचणीला मावशींनी एक भेग पडलेला, न कापलेला वायसर पट्ट्यावर ठेवला. कॅमेऱ्यानं तो खुशाल चांगला ठरवला. दुसरा ठेवला, तोही पास. मावशीच म्हणाल्या, "याला भेग कुठं शिकवली, मॅडम? याला माजी कात्री शिकवली." शेठ सोडून सगळे पोट धरून हसले.

आता न कापलेले खराब वायसर हवे होते, आणि ते मावशींनी जपून ठेवले तरच मिळणार होते. मधल्या सुट्टीत तिघी त्यांना म्हणाल्या, "मावशी, तुमी कापत राहा. महिनाभर असंच चाललं तर शेठ कंटाळून मशीन परत पाठवतील." खोटं नव्हतं ते. मलाही मनातून तेच व्हावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी गळ्यात कात्री न घालता आल्या. येताना कुलूप लागणारा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या आणि प्रत्येक खराब वायसर त्यात साठवू लागल्या. किल्ली कमरेला. मी विचारलं तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाल्या, "दोन महिने झाले, उजव्या डोल्यानं नीट दिसत नाय. कोनाला बोलले नाय, गो. पन एकादा फाटका माज्या हातून गेला असंल तर?" त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम न म्हणता गो म्हटलं.

डबा भरेपर्यंत तीन आठवडे गेले. कॅमेऱ्याचा दिवा वर होता, तो बाजूला घ्यायला मावशींनीच लावलं. मग कॅमेरा भेगा पकडू लागला, भराभर आणि न थकता. काम फत्ते झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू येत होतं.

शेवटी मावशींनी स्वतःहून परीक्षा मागितली. पन्नास वायसर, चांगले-वाईट मिसळलेले, आधी त्या तपासणार, मग कॅमेरा. त्यांनी अकरा खराब काढले. कॅमेऱ्यानं तेच अकरा काढले आणि आणखी एक. मावशींनी तो बारावा उचलला, ताणला, खिडकीकडे तिरका धरला. बराच वेळ. मग तो माझ्या हातात दिला.

"तुला दिसते का गो भेग?"

भेग होती. मी म्हणाले, "नाही, मावशी."

"खोटं नको बोलू. सिलिंडरचं काम हाय."

मी मान खाली घातली. "दिसते," म्हणाले.

"मंग बरं झालं," मावशी म्हणाल्या. तो वायसर त्यांनी मुठीत धरला आणि उद्यापासून टेबलावर बसणार नाही हे सांगायला, कुणी बोलवायच्या आधीच, शेठच्या केबिनकडे चालू लागल्या.