फक्तकाकांचं उघडं दार

ताईच्या लॅपटॉपवरची भूगोलाची प्रश्नपत्रिका मी उडवली. एकटी प्रश्नपत्रिकाच नव्हे, तिचं अख्खं फोल्डर. मी एक प्रोग्रॅम उभा करत होतो, त्याच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं, ‘आता फक्त जुना कचरा साफ करा’, आणि खाली कमांड दिली होती. कुठे उभं राहून साफ करायचं, ते लिहिलं नव्हतं. मी ताईच्या फोल्डरमध्ये उभा होतो. कचरा साफ झाला.

“तू इंजिनिअर आहेस की खोडरबर?” ताई म्हणाली.

“मी टाइप करून देतो सगळी. शब्द!”

ताईचा त्या वेळी कोणाच्याच शब्दावर विश्वास नव्हता. शाळेचं वेळापत्रक एक फुकटचा प्रोग्रॅम बनवायचा आणि त्याने ताईला रोज शेवटचा तास लावला होता. शेवटची घंटा व्हायच्या आधीच पाळणाघर बंद होई. भाची पायरीवर बसलेली आणि शेजारी कुलूप हातात घेतलेल्या बाई, असं रोजचं चित्र. मुख्याध्यापकांचं उत्तर तयार असे, “मी काय करू? प्रोग्रॅमनेच लावलंय.” ‘अमुक शिक्षकाला शेवटचा तास नको’ असं सांगायची सोयच त्यात नव्हती. दुसरी सहामाही सुरू व्हायच्या आत ती सोय झाली नाही, तर ताई नोकरी सोडणार होती.

प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. ज्याला हवी त्याने सुधारणा करून पाठवावी. सुधारणा मी एका दुपारी लिहिली. पण लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवायचा, म्हणजे बिल्ड करायचा, तर तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या फक्तकाकांच्या सूचना पाळाव्या लागत. ‘फक्त ही लायब्ररी टाका.’ ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, जगातून कधीच नाहीशी झालेली. ‘मग फक्त पाथ नीट करा.’ पाथ म्हणजे फाइलचा पत्ता; नीट म्हणजे काय, ते काकांच्या पोटात. प्रत्येक ‘फक्त’मागे एकेक संध्याकाळ गेली, आणि एकामागे प्रश्नपत्रिका.

काका आमच्याच गावात राहतात असं कळलं, तेव्हा मी थेट घरी गेलो.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असताना लोकांना लाइन न देण्याचा दांडगा अनुभव, तो पुढे समाजसेवेत कामी आला. खोलीबाहेर चपला काढायला लावतात. टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर, त्यावर शिवून घेतलेलं झालरीचं कव्हर. अख्ख्या दुनियेत तो प्रोग्रॅम त्या एकाच डब्यावर बिल्ड होतो, आणि काकांना त्याची लाज नाही, अभिमान आहे.

“मी कुणाला अडवलंय का?” काका नाकाने कांदे सोलत म्हणाले. “दार सताड उघडं आहे.”

“दार उघडं आहे काका, जिना नाहीये.”

“ज्याला यायचं तो चढतो. ही गाळणी आहे, कळलं? ऐरेगैरे गळून जातात.”

“मग आजवर गाळून किती जण आले?”

काका कव्हरची झालर सारखी करू लागले. आतून काकूंचा आवाज आला, “सांगा की! एकटे तुम्हीच तर गाळून आलात!”

मी माझा कोरा लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. “तुमच्याच सूचना. तुम्हीच वाचा, तुम्हीच करा. फक्त बघतो मी.”

काकांनी बाह्या सारल्या. दुसऱ्याच पायरीवर अडले. चष्मा पुसला. “ही फाइल... मागे मी हाताने टाकली होती बहुतेक.” मग, “इथे एक आकडा बदलावा लागतो, तो लिहायचा राहिला असेल.” मग, “तुझा लॅपटॉपच हलका आहे.” शेवटी स्वतःच लिहिलेल्या ओळीकडे बोट दाखवून मलाच विचारलं, “याचा अर्थ काय रे?”

त्यांच्या तोंडून निसटलेलं प्रत्येक ‘बहुतेक’ मी टिपून घेतलं. काकू चहा घेऊन आल्या, लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, “झालं का? का यालाही कव्हर शिवू?”

घरी येऊन मी त्या सगळ्या बहुतेकांची एकच स्क्रिप्ट केली. एक कमांड द्यायची. लागेल ते सामान ती आपण होऊन आणते आणि प्रोग्रॅम उभा करते. स्वच्छ फोल्डर स्वतःचं स्वतः बनवते, दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकांना हात लावत नाही. ती आणि ताईसाठी केलेली सुधारणा, दोन्ही काकांना पाठवल्या. काकांचं उत्तर आलं, “आयतं मिळालं की लोक शिकत नाहीत. नामंजूर.”

माझ्या लॅपटॉपवर आता सगळं चालत होतं, पण काकांच्या शिक्क्याची आवृत्ती असल्याशिवाय मुख्याध्यापक काही लावून घेईनात. ताईने राजीनाम्याचा मजकूरही ठरवून टाकला.

मी काकूंना फोन केला. भाची, पायरी, कुलूप, सगळं सांगितलं. काकू एवढंच म्हणाल्या, “बरं.” पुढे त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या. बदलांच्या नोंदीत काकांनी स्वतःच्या नावाने लिहिलं होतं, ‘बिल्ड अधिक सोपं केलं. फक्त किरकोळ काम.’

त्यानंतर कुठून कुठून माणसं सुधारणा पाठवू लागली. कुणी छपाई दुरुस्त केली, कुणी रंग. काका आता नवख्यांना उपदेश करतात, “सुरुवात सोपी हवी, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.” असं बोलताना माणसाची जीभ कशी अडखळत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. झालरीखाली आता माझीच स्क्रिप्ट चालते, हे काकूंनी सांगितलं.

नवी आवृत्ती शाळेत लागली आणि ताईचा शेवटचा तास सुटला. पाळणाघरातून भाचीला घेऊन घरी निघताना ताईचा फोन आला. मागून भाची कुलपाच्या बाईंना टाटा करत होती.

“वेळापत्रक झालं,” ताई म्हणाली. “माझ्या प्रश्नपत्रिकेचं काय?”

“होत आलीये गं. आता फक्त नकाशा राहिलाय.”

“फक्त?” ताई म्हणाली.

नकाशा अजून राहिलेलाच आहे.