वळणावरचं एकटं झाड

माझी वहिनी कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत बसून ती मेणात एकेक दात बसवते. "अर्ध्या गावाचे दात माझ्या हातात आहेत, भाऊजी, जपून बोला," असं मला बजावायची. दादा गेल्यावर तिची थट्टा बंद झाली.

दादा मोटरसायकलवर गेला. टेकडीच्या रस्त्यावर एक वळण आहे. कडेला मोकळं माळरान आणि एकच झाड. रस्ता कोरडा, समोरून कोणी नाही, आणि दादा नेमका त्या झाडावर आदळला. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणी म्हणालं, प्यायला असेल. कोणी म्हणालं, जिवाला कंटाळला असेल. त्या सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. एवढं माळरान सोडून माणूस झाडावर कसा जातो, या प्रश्नाने वहिनी आतून पोखरली गेली.

तिने दादाची गाडी दुरुस्त करून घेतली. मोटरसायकल चालवण्यावरची पुस्तकं आणली, साच्यांशेजारी ठेवून वाचली. मग शिकवणीला जाऊ लागली. पन्नाशीची बाई जाड जाकीट घालून निघाली की शेजारणी नाकं मुरडायच्या. मीही म्हणालो, "वहिनी, एक गेला तेवढं पुरे नाही का?" मला तिचा रागच आला होता.

शिकवणीच्या शेवटी सगळ्यांना शर्यतीच्या ट्रॅकवर नेलं. मी कठड्याबाहेर जीव मुठीत धरून उभा. एका वळणाच्या बाहेरच्या कडेला रबरी शंकू ठेवला होता. बाजूला हवी तेवढी जागा होती, तरी वहिनीने शंकू उडवला. पुढच्या फेरीत पुन्हा उडवला.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "शंकूकडे बघताय ना?"

"त्याला चुकवायचं म्हणूनच बघतेय."

"म्हणूनच त्याच्यावर जाताय. नजर जाते तिथे गाडी जाते. घाबरलेला माणूस जे चुकवायचं त्याच्याकडेच बघत राहतो. वळणातून बाहेर पडायच्या रस्त्याकडे बघा."

"सगळ्यांचं असं होतं?"

"सगळ्यांचं. माझंही झालंय, हाड मोडून घेतलंय मी."

हे वहिनीने पुस्तकात वाचलं होतं, मला वाचूनही दाखवलं होतं. तेव्हा आम्हा दोघांनाही त्यात दादा दिसला नव्हता. आता हेल्मेट न काढताच ती खाली बसली आणि ढसाढसा रडली. बाईंना वाटलं, शंकूसाठी रडतेय.

परतताना तिने टेकडीचा रस्ता धरला. मी मागे बसलो होतो. वळण आलं. तिने मान वळवून पलीकडचा रस्ता बघितला आणि गाडी अलगद बाहेर निघाली. पुढे जाऊन तिने ती थांबवली.

"झाड दिसलं?" मी विचारलं.

"नाही. चला, आता चालत जाऊन बघू."

खोडावरची साल अजून भरून आली नव्हती. वहिनीने तिथे हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे चुकवायलाच बघत होते हो."