घामेजणारा माठ

साठ सालच्या आसपास लग्न होऊन मी पांढरकवड्याजवळच्या कुंभाराच्या घरी आले, तेव्हा मला माठ लोणच्याच्या बरणीसारखा चकाकता हवा होता. भट्टीतून काढलेल्या माठावर मी पळसाची लाख घासायची. फार गरम माठावर ती जळायची, निवलेल्यावर चिकटायचीच नाही. शेवटी एक असा साधला, की त्यात तोंड दिसावं! बाजारात सगळ्यांत आधी तोच खपला, आणि पुढच्या बाजारी परत आला. पाणी गारच होत नव्हतं.

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "माठाले घाम नाही आला, तं पाणी थंडं कसं होईन वं?"

मी फणकारले, पण लाख काही सोडली नाही; छिद्रं बुजवणारी ती लाख लोणच्याच्या मडक्यांना लावू लागले, म्हणजे तेल झिरपत नाही. तेव्हापासून माझी लोणच्याची मडकी चकाकतात, आणि माठ भट्टीपुढे बसलेल्या माझ्यासारखे घामेजतात.